अनुराधापूर आईचं, समुद्र धाकटीचा

आमच्या घरात प्रवासाला नेहमी कारण लागतं. लग्न, मयत, परीक्षा, नागपूरचा दवाखाना, ऑक्टोबरातली दीक्षाभूमी. पवनीपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. तिथे ८४ वर्षं जगलेल्या माझ्या आजानं उगाच म्हणून एकही तिकीट काढलं नसेल. त्यामुळे यंदा जेव्हा मी घरी म्हटलं की आपण तिघी, म्हणजे आई, मी आणि धाकटी बहीण, आठ दिवस श्रीलंकेला फिरायला जाऊ, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "काहून? तिथं काय आहे आपलं?"

प्रश्न वाईट नव्हता. हा सगळा लेख त्याचंच उत्तर शोधताना झालेला आहे.

धाकटीला उत्तराची गरज नव्हती. तिला समुद्र हवा होता. निळा, रिकामा, नारळ वाकलेला. तिच्या मोबाइलमध्ये उनावटुना आणि मिरिसाचे रील महिनाभर साठत होते. आईनं मात्र दोन दिवस विचार करून सांगितलं, "बोधिवृक्ष दाखवशील तर येतो." मग आमच्या वहीत दोन रकाने पडले. डावीकडे आईचं: अनुराधापूर, डंबुल्ला, कँडी. उजवीकडे धाकटीचं: गाल, उनावटुना, मिरिसा. मी मध्ये, हिशेब करणारी. नागपुरातल्या एका टूरवाल्याकडे गेले तर त्याच्याकडेही दोनच प्रकारची पत्रकं होती. एक रामायणाच्या जागा दाखवणारं, एक नुसतं बीचचं. आमचं काही त्यात बसेना.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आईनं समुद्र पाहिलेला आहे, तीनदा. तिन्ही वेळा दादरला, ६ डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत. बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते ७ डिसेंबर १९५६ ला, त्याच चौपाटीवर. तेव्हापासून विदर्भातल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. रात्रभर जनरल डब्यात बसून यायचं, शिवाजी पार्कवर झोपायचं, पहाटे रांगेला लागायचं. समुद्र बाजूला असतो. आजानंही तसाच पाहिला. आई म्हणते, तिन्ही वेळेला तिनं पाण्यात पाय घातला नाही, आणि तसं कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्यासाठी समुद्र म्हणजे पांढरे कपडे आणि मेणबत्त्या. धाकटीला जो समुद्र हवाय तो आमच्या घरात कोणी पाहिलेलाच नाही.

आता आईच्या "तिथं काय आहे आपलं" कडे येते.

पवनीला गेलेल्यांना जगन्नाथ टेकडी माहीत असेल. गावातली पोरं त्या टेकडीवर पतंग उडवायची. ती नुसती टेकडी नाही हे १९६९-७० मध्ये कळलं. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जे. पी. जोशी यांनी तिथे उत्खनन केलं आणि आत विटांचा प्रचंड स्तूप निघाला, थेट सांचीच्या थोरल्या स्तूपाशी तुलना व्हावी एवढा. भोवतीच्या कठड्याचे दगडी खांब निघाले, दान देणाऱ्यांची नावं कोरलेले. त्यात एक शिल्प आहे: पाच फण्यांचा नाग, त्याच्याखाली रिकामं आसन, आणि नागाचं नाव कोरलेलं, मुचलिंद. बुद्ध ध्यानाला बसलेले असताना सात दिवस पाऊस पडला तेव्हा ज्यानं फणा धरला तो हा नाग. आसन रिकामं, कारण त्या काळी बुद्धांची मूर्ती करत नसत. बुद्ध तिथे आहेत हे बघणाऱ्यानं समजून घ्यायचं.

म्हणजे ख्रिस्ताच्याही आधी वैनगंगेच्या काठी श्रीमंत, गजबजलेलं बौद्ध गाव होतं. शाळेत आम्हाला पवनीबद्दल शिकवलं ते मिरचीचा बाजार एवढंच. (मिरची खरंच चांगली असते, तो मुद्दा नाही.)

आणि लंका? त्याच काळाबद्दल लंकेचा महावंस हा पाली ग्रंथ एक गोष्ट सांगतो. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजानं अनुराधापुरात महास्तूपाची पायाभरणी केली, तेव्हा कुठून कुठून भिक्खू आले याची लांबलचक यादी त्यात आहे. राजगृह, सारनाथ, वैशाली, कोसंबी, उज्जैन, काश्मीर, ग्रीकांचं अलसंदा. आणि त्या यादीत विंध्याटवी, म्हणजे विंध्याच्या रानातून आलेला उत्तर नावाचा थेर आणि त्याच्यासोबत ६० हजार भिक्खू. आकडा अर्थातच पुराणातला आहे. पण 'विंध्याचं रान' वाचून मी थांबले. ते पवनीच, असं मी म्हणणार नाही. असं म्हणणारे आपल्याकडे खूप असतात. एवढंच की लंकेतल्या माणसाच्या मनातल्या नकाशावर आमच्या बाजूचं जंगल होतं.

त्याच ग्रंथात बोधिवृक्षाच्या फांदीचा प्रवास आहे. अशोकाची मुलगी संघमित्रा ती फांदी घेऊन जहाजानं लंकेला गेली. अशोक तिला निरोप द्यायला जमिनीवरून ताम्रलिप्ती बंदरावर गेला, आणि महावंस म्हणतो, विंध्याटवी ओलांडून गेला. आता तुम्ही मोबाइलवर नकाशा उघडा. पाटण्याहून बंगालच्या किनाऱ्याला जाताना विंध्य वाटेत येतोच कुठे? लिहिणारा महानाम थेर लंकेत बसून, पाचव्या-सहाव्या शतकात, आठशे वर्षांपूर्वीचं लिहीत होता. भारत म्हटलं की मध्ये एक मोठं रान असणार, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

गंमत अशी की साधारण त्याच काळात रानाच्या बाजूचा एक माणूस समुद्राबद्दल लिहीत होता. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन. राजधानी आधी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. भंडाऱ्याहून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता ही त्याची आई. या राजानं 'सेतुबंध' नावाचं महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत लिहिलं. विषय: रामानं लंकेला बांधलेला पूल. पंधरा सर्ग. त्यात समुद्राचं वर्णन सर्गच्या सर्ग चालतं. समुद्राची भीती, त्याचा आवाज, वानरांनी त्यात टाकलेले डोंगर, आणि त्या डोंगरांमुळे ढवळलेलं पाणी. जिथून कुठलाही समुद्र शेकडो कोसांवर आहे अशा गावात राहून त्यानं हे लिहिलं. मला वाटतं लांबून पाहणाऱ्याला समुद्र असाच मोठा दिसतो. किनाऱ्यावरचा माणूस मासे किती लागले ते विचारतो.

वाकाटकांच्याच काळात, त्यांच्या वाशीमच्या शाखेच्या हरिषेण राजाच्या वेळी, अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात सिंहलाची कथा रंगवली गेली. व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं, ते एका सुंदर बेटावर लागतात, तिथल्या सुंदर बायका त्यांचं स्वागत करतात, खाऊपिऊ घालतात. त्या राक्षसी असतात. शहाणा सिंहल तेवढा निसटतो. धाकटीला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं बीच-पॅकेज, अन् त्याचा रिव्ह्यू वाईट." पण बघा, समुद्रकाठी मजा करणाऱ्यांबद्दलचा संशय आपल्याकडे किती जुना आहे. आमच्या वहीतले दोन रकाने, एकीकडे पुण्य आणि दुसरीकडे पाण्यात लोळणं, आईनं किंवा टूरवाल्यानं पाडलेले नाहीत.

आता आजाची गोष्ट. त्याशिवाय आई का तयार झाली ते कळणार नाही.

मे १९५० च्या शेवटी बाबासाहेब कोलंबोला गेले. तेव्हा ते देशाचे कायदेमंत्री होते. सोबत माईसाहेब आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. कँडीला जागतिक बौद्ध भ्रातृत्व परिषदेची पहिली बैठक भरली होती, प्राध्यापक मलालसेकर यांच्या पुढाकारानं. बाबासाहेब प्रतिनिधी म्हणून बसले नाहीत. बौद्धांचे विधी-समारंभ प्रत्यक्ष कसे होतात आणि बुद्धांचा धर्म इथे कितपत जिवंत आहे ते पाहायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे जो माणूस सहा वर्षांनी लाखो लोकांना एक वाट दाखवणार होता, तो आधी स्वतः जाऊन बघून आला. कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध व्हायचं आवाहनही केलं. त्याच मे महिन्यात कलकत्त्याच्या महाबोधी मासिकात बुद्ध आणि त्यांच्या धर्माचं भवितव्य यावरचा त्यांचा लेख छापून आला होता.

चार वर्षांनी, १९५४ मध्ये, ते आमच्याकडे आले. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून हरले. त्यांची ही शेवटची निवडणूक. आजा तेव्हा १८ वर्षांचा होता, मताचं वय २१, त्यामुळे मत देता आलं नाही. सभेला मात्र तो चालत गेला होता. म्हातारपणी तो हे सांगायचा तेव्हा आवाजात अजून शरम असायची, जणू त्या एका मतानंच बाबासाहेब पडले. "आपल्या जिल्ह्यानं पाडलं त्याइले," म्हणायचा. त्या निवडणुकीनंतर काही महिन्यांनी बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले. १९५६ च्या ऑक्टोबरात आजा नागपूरला गेला आणि परत आला तो बौद्ध होऊन. त्यानंतर घरातले देव वैनगंगेत सोडले. हे मी नाही पाहिलं, आजीकडून ऐकलं.

कँडी, भंडारा, रंगून, नागपूर. आईला मी ही नावं तारखांसकट क्रमानं लावून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बाबासाहेब पाहाले गेले होते. त आपणबी पाहू." धाकटीनं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. परवानगी मिळाली होती, आणि ती दर्शनाची नव्हती, बघण्याची होती. माझ्या आईच्या तोंडून हा शब्द येणं सोपं नाही.

मग वाट. भंडारा रोड स्टेशनवरून नागपूर, नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, चेन्नईहून विमान, साधारण दीड तासाचं. आजाच्या तरुणपणी विमानाची गरज नव्हती, हे मला हे सगळं शोधताना कळलं. मद्रासहून बोट मेल सुटायची. पांबनचा पूल ओलांडून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून बोटीनं तलाईमन्नार, तिथून पुन्हा रेल्वेनं कोलंबो. मद्रासलाच कोलंबोपर्यंतचं तिकीट मिळायचं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं, धनुष्कोडीकडे येणारी प्रवाशांनी भरलेली गाडी समुद्रानं ओढून नेली, गाव गेलं, आणि ती वाट बंद झाली. नंतर त्या बाजूला यादवी पेटली. ती २००९ पर्यंत चालली. २०२३ मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंतुरई बोट सुरू झाली, पण ती जाफन्याच्या टोकाला उतरवते, आणि आईला बोट लागेल या भीतीनं आम्ही तो विचार सोडला.

ऋतूचं गणित सगळ्यात अवघड निघालं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. लंका छोटी आहे पण तिच्यावर दोन पावसाळे पडतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तेव्हा गाल-मिरिसाकडचा समुद्र खवळलेला. त्या दिवसांत पूर्वेकडचं त्रिंकोमाली शांत असतं. ऑक्टोबर ते जानेवारी ईशान्येचा. तेव्हा पूर्व आणि अनुराधापूर भिजतं आणि डिसेंबरपासून दक्षिणेचा समुद्र निवळतो. आईला बुद्ध पौर्णिमा हवी होती, वेसाकचे आकाशकंदील बघायचे होते. पण वैशाखात धाकटीचा किनारा पोहण्यालायक नसतो. दोघी आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे फक्त एक संध्याकाळ.

तोडगा लंकेच्या पंचांगातच सापडला. तिथे प्रत्येक पौर्णिमा म्हणजे पोया, सरकारी सुट्टी. डिसेंबरातली उंदुवप पोया ही संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली त्या दिवसाची. यंदा ती ६ डिसेंबरनंतर येते, म्हणजे चैत्यभूमीही चुकत नाही. धानाची मळणी झालेली असते, चुकारा आला तर आलेला असतो. अनुराधापुरात छत्री लागेल. नाताळच्या तोंडावर किनाऱ्यावरच्या खोल्या महाग मिळतील. आणि पोयाला सगळ्या देशात दारूविक्री बंद असते, हे धाकटीनं जरा जास्तच उसासा टाकून वाचून दाखवलं, तेव्हा आईनं विचारलं, "तुले काय करायचं त्याचं?"

इथपर्यंत वहीत दोनच रकाने होते. ते मोडले कँडीमुळे.

कँडीत दंतधातूचं मंदिर आहे, दालदा मालिगाव. आईच्या यादीत बोधिवृक्षाच्या खालोखाल तेच. मी तिथल्या भिक्खुसंघाबद्दल वाचायला घेतलं, वाचून दाखवता येईल म्हणून. अठराव्या शतकात लंकेत उपसंपदा झालेला, म्हणजे पूर्ण दीक्षा घेतलेला एकही भिक्खू उरला नव्हता. १७५३ मध्ये कँडीच्या राजानं सयामहून उपाली थेरांना बोलावून ती परंपरा पुन्हा सुरू केली. तो सियाम निकाय. दंतधातूची जबाबदारी त्याच्याच दोन विहारांकडे, मालवत्त आणि अस्गिरिय. आणि काही वर्षांतच असं ठरलं की उपसंपदा फक्त गोयिगम जातीच्या पुरुषांना. गोयिगम म्हणजे शेती करणारी, तिथली वरची जात. तो निर्बंध आजही गेलेला नाही.

हे मी आईला कसं सांगणार होते? दोन दिवस सांगितलंच नाही. आजानं देव नदीत सोडले ते कशासाठी सोडले होते?

पण वाचन तिथे थांबलं नाही म्हणून बरं. दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर सलागम नावाची जात होती. दालचिनीची साल सोलणं हे त्यांच्यावर लादलेलं काम. डच राजवटीत दालचिनी म्हणजे सोनं, आणि ती सोलणाऱ्यांना ठरलेलं वजन द्यावंच लागे. कँडी त्यांना भिक्खू होऊ देत नव्हतं. मग १७९९ मध्ये वेलितर गावचे अंबगहपिटिये ज्ञानविमल काही सोबत्यांना घेऊन समुद्रमार्गे थेट ब्रह्मदेशात गेले. खर्च त्यांच्याच जातीतल्या पैसेवाल्यांनी उचलला. ब्रह्मदेशाची राजधानी तेव्हा अमरपुर. तिथे त्यांनी उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत आले. कँडीच्या सीमेत विधी करता येणार नव्हता, तर त्यांनी बालपिटियजवळ मादु नदीत होड्या उभ्या केल्या आणि पाण्यावर सीमा आखून तिथे नव्या भिक्खूंना दीक्षा दिली. विनयात पाण्यावरच्या अशा सीमेची सोय आहेच. त्यांचा संघ म्हणजे अमरपुर निकाय. पुढे त्यातही जातीनुसार फाटे फुटले, तेही लिहिलं पाहिजे. पण त्यांची उपसंपदा कँडीच्या हातात राहिली नाही.

बालपिटिय कुठे आहे? कोलंबोहून गालला जाणाऱ्या, समुद्राला चिकटून धावणाऱ्या रेल्वेमार्गावर, हिक्कडुवाच्या अलीकडे. धाकटीच्या रकान्यात. तिनं आधीच एक रील ठेवलं होतं, 'मादु रिव्हर बोट सफारी': कांदळवनातून होडी, मध्ये एक बेट, तिथे एक माणूस पर्यटकांना दालचिनी कशी सोलतात ते करून दाखवतो. आम्ही ते रील पुन्हा लावलं. पंधरा सेकंदांचं. माणूस खाली मान घालून साल सोलतोय, मागे गाणं वाजतंय.

मग आईला सगळं सांगितलं. कँडीचं आधी, होड्यांचं नंतर. तिनं मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "तिथंबी आहे म्हणजे?" मी म्हटलं, आहे. "अन् ते लोक दुसऱ्या देशात जाऊन दीक्षा घेऊन आले?" हो. "समुद्रावरून?" हो. ती उठली, चहा ठेवला, आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, कँडीले एक दिवस पुरे, तिथला दुसरा दिवस नदीवर टाक.

कँडी तरीही ठेवलीय. बाबासाहेबांनी पाहिली, आम्हीही पाहू. दुट्ठगामणीच्या महास्तूपासमोरही आई हात जोडेल, आणि मी तिला तिथेच सांगेन की ज्या राजानं तो बांधला त्यानं आधी तमिळ राजा एळाराशी युद्ध केलं होतं. महावंसात त्याला मारल्या गेलेल्यांचं दुःख होतं तेव्हा अर्हत त्याची समजूत घालतात की त्यात खरं माणसात मोजावं असं दीडच माणूस मेलं. बाकीचे बौद्ध नव्हते. आमच्यासारख्यांनी, ज्यांना कित्येक शतकं कोणी माणसात मोजलं नाही, ते पान न वाचता तिथे फूल ठेवू नये असं मला वाटतं.

बाबा येणार नाहीत. म्हशी कोण पाहणार, हे त्यांचं कारण, आणि ते खरं आहे. पण त्यांनी एक काम दिलंय. भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव गावोगावी आहेत. चांद्याच्या गोंड राजानं त्यांना काशीकडून आणलं असं म्हणतात. आमचं अर्धं धान अशाच एका मामा तलावावर पिकतं. लंकेतही तेच आहे, फक्त फार जुनं: अनुराधापूरचा तिस्स वेव, पोलोन्नरुवचा बाराव्या शतकातला पराक्रम समुद्र. वेव म्हणजे तलाव. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी न पडता समुद्रात जाऊ नये, असं त्या पराक्रमबाहू राजाचं म्हणणं होतं. बाबांना हे वाक्य फार आवडलं. लंकेच्या जुन्या तलावांना पाळीत एक चौकोनी विहिरीसारखी दगडी खोली असते, बिसोकोटुव. खोल पाण्याचा जोर तिथे मोडून मग पाणी कालव्यात सोडायचं. आमच्याकडे ज्याला तुडुम म्हणतात त्याचीच मोठी भावंडं. बाबांनी सांगितलंय, देवळांचे फोटो नको पाठवू, त्याचा पाठव, आतून.

पोलोन्नरुव त्यामुळे वाढलं आणि मिरिसा गेलं. धाकटी चिडली. मग सिगिरिया काढलं, कारण बाराशेच्या आसपास पायऱ्या आणि आईचे गुडघे. त्यातून वाचलेला अर्धा दिवस उनावटुनाला दिला. आता क्रम असा: अनुराधापूर दोन रात्री, पोलोन्नरुव एक, कँडी एक, बालपिटिय एक, उनावटुना दोन. जाता-येता कोलंबो. सार्क देशांच्या पासपोर्टला बऱ्याच ठिकाणी तिकिटात सवलत आहे, ती धरून तिघींचा खर्च दीड लाखाच्या थोडा वर जातोय. वहीत आता एकच रकाना आहे, थोडी खाडाखोड झालेला.

आईचा पासपोर्ट गेल्या आठवड्यात आला. जन्मठिकाण म्हणून गावाचं नाव, खाली जिल्हा भंडारा. तिनं तो आजाच्या फोटोखाली दोन दिवस ठेवला आणि मग गव्हाच्या कोठीत, कारण तिथे कोणी हात लावत नाही. काल फोनवर विचारत होती, उनावटुनाले पाण्यात जाताना साडी चालते का. धाकटी म्हणाली, चालते, पण जड होते. आई म्हणाली, मग दुसरं काही पाहून ठेव माझ्यासाठी, पांढरं नको.